कुंडली, नाणेफेक आणि योग्य कसोटी

१.
२००८ साली पुण्यात एक साधा वाटणारा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला. केवळ जन्मकुंडली पाहून एखादे मूल हुशार आहे की बौद्धिकदृष्ट्या अक्षम, हे ज्योतिषी सांगू शकतो का? प्रश्नामागे चौघे होते : खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे चिकित्सक अभ्यासक प्रकाश घाटपांडे. या प्रयोगाच्या निकालाची चर्चा पुष्कळ झाली. त्यामागची संख्याशास्त्रीय कसोटी मात्र फारशी कोणी उलगडून दाखवली नाही. हा धागा त्या कसोटीविषयी आहे.

२.
पार्श्वभूमी लक्षात घ्यायला हवी. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ‘ज्योतिर्विज्ञान’ शिकवण्याचा मार्ग मोकळा केला. त्याला दिलेले आव्हान २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. म्हणजे वाद केवळ घरगुती श्रद्धेचा उरला नव्हता. विवाह जुळवण्यापासून विद्यापीठाच्या अभ्यासक्रमापर्यंत ज्या विद्येला मान आहे, तिचा दावा तपासायचा कसा, हा खरा पेच होता. वादविवादाने तो सुटण्यासारखा नव्हता. दोन्ही बाजूंकडे उदाहरणांचा साठा अमाप होता, आणि निवडक उदाहरणांनी काहीही सिद्ध करता येते.

३.
प्रयोगाची आखणी अशी होती. शिक्षकांनी हुशार म्हणून निवडलेली १०० मुले आणि विशेष शाळांमधील १०० मुले, अशा २०० मुलांच्या जन्मवेळा व जन्मस्थळे गोळा करून कुंडल्या मांडल्या गेल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांपैकी यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेल्या ४० कुंडल्या मिळाल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातील, याची माहिती विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाच्या ताब्यात राहिली. उत्तीर्ण होण्याची अट आधीच जाहीर होती : ४० पैकी किमान २८ उत्तरे बरोबर, म्हणजे ७० टक्के.

४.
२८ हाच आकडा का? येथे कसोटीची निवड समजते. प्रत्येक उत्तर दोनच प्रकारचे आहे, बरोबर किंवा चूक. ज्योतिषाला काहीच कळत नाही, असे क्षणभर मानले (यालाच शून्य परिकल्पना म्हणतात), तर प्रत्येक उत्तर म्हणजे नाण्याची एक फेक. ४० फेकींत सरासरी २० छाप पडतात आणि त्यांचा पसारा द्विपद वितरणाने मोजता येतो. त्या हिशेबाने केवळ नशिबाने २८ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता हजारात सुमारे ८ इतकीच आहे. ‘बरोबर की चूक’ अशी मोजणी आणि तुलना एका ठरलेल्या शक्यतेशी असेल, तेव्हा द्विपद कसोटी लावावी. येथे दुसरी कोणतीही कसोटी ओढूनताणून बसवावी लागली असती.

५.
५१ जणांनी भाग घेण्याची तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरे पाठवली. सर्वाधिक गुण २४. सरासरी यश ४६ टक्के. एका संस्थेने सर्व २०० कुंडल्या तपासल्या आणि तिची १०२ उत्तरे बरोबर आली. निकाल २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोणीही २८ पर्यंत पोहोचले नाही, एवढे सांगून बहुतेक लेख थांबतात. पण या आकड्यांत तीन धडे दडलेले आहेत, आणि ते प्रयोगाच्या दोन्ही बाजूंना लागू पडतात.

६.
पहिला धडा ‘सर्वोत्तम’ या शब्दाचा. ४० पैकी २४ म्हणजे ६० टक्के. त्या ज्योतिषाला थोडेफार कळत असावे, असे वाटू शकते. एकटा माणूस नाणे फेकत बसला, तर २४ किंवा अधिक छाप पडण्याची शक्यता साधारण १३ टक्के आहे. पण येथे २७ जण आहेत. २७ जणांनी स्वतंत्रपणे नाणी फेकली, तर त्यांतील किमान एक तरी २४ ला पोहोचेल, ही शक्यता ९८ टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे सर्वोच्च गुण किमान २४ असणे हीच नाणेफेकीची अपेक्षा होती. पुष्कळांची परीक्षा घेऊन एकट्या विजेत्याकडे पाहिले, तर कसोटी फसते. याच हिशेबाने २७ जणांपैकी कोणीतरी निव्वळ नशिबाने २८ ची अट ओलांडण्याची शक्यताही पाचात एक होती. तसे घडले असते, तर त्या व्यक्तीची परीक्षा नव्या कुंडल्यांवर पुन्हा घेणे हाच न्याय ठरला असता.

७.
दुसरा धडा स्वतंत्रतेचा. २७ जणांच्या ४०-४० कुंडल्या मिळून १०८० उत्तरे होतात. त्यांतील ४६ टक्के बरोबर. ही १०८० स्वतंत्र नाणेफेक मानली, तर निकाल अपेक्षेच्या अडीच प्रमाण विचलनांहूनही खाली जातो आणि ‘ज्योतिषी नाण्यापेक्षाही वाईट’ असा चमचमीत निष्कर्ष हाती येतो. पण कुंडल्या होत्या २०० च. एकच कुंडली अनेकांच्या हाती गेली, आणि समान नियम शिकलेल्या लोकांनी ती सारख्याच रीतीने वाचली असणे शक्य आहे. एका फसव्या कुंडलीने पाच जण चुकले, तर त्या पाच स्वतंत्र चुका नव्हेत. तेव्हा तो चमचमीत निष्कर्ष सोडून द्यावा. ज्याचे मत आपल्याला पटते त्याच्या बाजूचा आकडासुद्धा याच कठोरतेने तपासावा लागतो.

८.
तिसरा धडा कसोटीच्या मर्यादेचा. १९३३ साली येर्झी नेमन आणि ईगॉन पिअर्सन यांनी दोन प्रकारच्या चुका स्पष्टपणे वेगळ्या मांडल्या : नसलेले दिसणे आणि असलेले न दिसणे. समजा एखाद्या ज्योतिषाला खरोखर ६० टक्के अचूकता साधली आहे. ४० कुंडल्यांत २८ ची अट तो केवळ १३ टक्के वेळा पार करील. उरलेल्या ८७ टक्के वेळा अपात्र ठरेल. म्हणजे ४० कुंडल्यांची परीक्षा मोठे दावे पकडण्यास पुरेशी, सूक्ष्म कौशल्य पकडण्यास अपुरी. म्हणूनच २०० कुंडल्यांत आलेले १०२ गुण आणि २७ जणांची एकत्रित सरासरी ही अधिक बोलकी आहे. सर्वांकडे ६० टक्के कौशल्य असते, तर सरासरी २४ च्या आसपास यायला हवी होती. ती साडेअठरापेक्षाही किंचित कमी आली.

९.
आता त्याच २०० कुंडल्या घेऊन प्रश्न बदलून पाहू. दोन्ही गटांत राशींची विभागणी वेगळी आहे का? येथे प्रवर्गांमधील मोजणी आहे, म्हणून कार्ल पिअर्सन यांची १९०० सालची काय-वर्ग कसोटी. १०० मुले १२ राशींत वाटली, तर प्रत्येक घरात सरासरी आठ मुले येतात, कसोटी निभावते. पण राशींऐवजी २७ नक्षत्रे घेतली, तर प्रत्येक घरात चारही मुले उरत नाहीत आणि अपेक्षित संख्या पाचाखाली गेली की काय-वर्गाचे गणित डळमळते. मग घरे एकत्र करावी लागतात किंवा फिशर यांची अचूक कसोटी घ्यावी लागते. ज्योतिषाचा अनुभव किती वर्षांचा आणि त्याचे गुण किती, यांचा संबंध शोधायचा असेल, तर सहसंबंध. सामग्री तीच राहते, पण प्रश्न बदलताच कसोटी बदलते.

१०.
मोजणीकडून मापनाकडे वळायचे, तर पुण्याहून नसरापूरमार्गे वेल्ह्याच्या रस्त्याला लागावे. राजगड-तोरण्याच्या परिसरात, याच रस्त्यावर विंझर आहे. मावळातील भातखाचरांचा हा प्रदेश. समजा येथे चारसूत्री पद्धतीने लावलेले भात पारंपरिक लावणीपेक्षा अधिक पिकते का, हे तपासायचे आहे. दहा शेतकरी एका पद्धतीचे आणि वेगळेच दहा दुसऱ्या पद्धतीचे घेतले, तर दोन स्वतंत्र गटांची टी-कसोटी लागेल. ही कसोटी १९०८ साली विल्यम गॉसेट यांच्या कामातून निघाली. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीगृहात काम करताना थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढावा, हा प्रश्न त्यांना पडला होता. आपला शोध त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केला.

११.
पण मावळातले एक खाचर दुसऱ्यासारखे नसते. ओढ्याकाठचे खाचर आणि उतारावरचे खाचर यांच्या उत्पन्नात पद्धतीपेक्षा जमिनीमुळेच अधिक फरक पडतो. म्हणून प्रत्येक खाचराचे दोन भाग करावेत, कोणत्या भागात कोणती पद्धत हे नाणे फेकून ठरवावे आणि दोन भागांतील फरक मोजावा. समजा एका खाचरात ८ आणि ९ पोती आली, दुसऱ्यात १५ आणि १६. सगळी पोती एकत्र पाहिली तर गोंधळ दिसतो. जोड्या पाहिल्या तर प्रत्येक वेळी एका पोत्याची वाढ स्पष्ट दिसते. ही जोडीची टी-कसोटी. एखाद्या खाचरातला अर्धा भाग रानडुकरांनी तुडवला आणि एकच फरक अवाढव्य झाला, तर आकड्यांऐवजी त्यांचे क्रम वापरणारी विल्कॉक्सन यांची १९४५ सालची कसोटी अधिक विश्वासार्ह.

१२.
दोन स्वतंत्र गटांचे उत्पन्न सारख्या प्रमाणात विखुरलेले नसेल, तर काय करावे? या अवघड प्रश्नाला बेहरेन्स-फिशर समस्या म्हणतात. त्यावर काम करणाऱ्यांत एक मराठी नाव आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध गावी झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनला गेले आणि १९३६ मध्ये तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजातून पीएच.डी. मिळवली. १९३८ मध्ये ‘सांख्य’ या नियतकालिकात त्यांनी याच समस्येवर लेख लिहिला. पुढे भारतातील पीक-पाहणीला शास्त्रीय नमुनानिवडीचा पाया देऊन ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. संख्याशास्त्र शेताच्या बांधावरून वाढले, याची ही आपल्या मातीतली साक्ष.

१३.
इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून काय घेता येईल? समजा एखाद्या मावळातील गावांचे दोन वर्षांचे ताळेबंद हाती आले आणि दुष्काळात वसूल घटला का, हे पाहायचे आहे. दोन्ही वर्षी तीच गावे असतील, तर जोडीची कसोटी. दोन वर्षी वेगवेगळी गावे असतील, तर स्वतंत्र गटांची. आणि त्याआधीचा प्रश्न : उरलेले कागद म्हणजे यादृच्छिक नमुना आहे का? दप्तर जळते, वाळवी खाते, वतनाच्या वादात उपयोगी पडणारा कागद मात्र पेटीत जपला जातो. दप्तरातल्या या तोट्याची भरपाई कोणत्याही कसोटीने होत नाही.

१४.
म्हणून कसोटी निवडताना पाच प्रश्न, याच क्रमाने. मोजणी आहे की मापन? तुलना एका ठरलेल्या आकड्याशी, दोन गटांत की अनेक गटांत? निरीक्षणे स्वतंत्र आहेत की जोडीची? संख्या पुरेशी आहे का आणि आकड्यांचा पसारा कसा आहे? आणि किती वेळा तपासून मग निकाल सांगितला जात आहे? या पाचांची उत्तरे लिहून काढली की कसोटीचे नाव बहुधा आपोआप समोर येते.

१५.
पुण्याच्या प्रयोगाने फलज्योतिषाचा प्रत्येक दावा निकालात काढला नाही. त्याने एकच दावा तपासला. त्याचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. प्रश्न, अट आणि मोजण्याची रीत उत्तरे हाती येण्यापूर्वीच जाहीर झाली होती. २८ हा आकडा दोन्ही बाजूंना सारखाच बांधून ठेवणारा होता. हरल्यास तो नंतर बदलण्याची सोय प्रयोग करणाऱ्यांनी स्वतःलाही ठेवली नव्हती. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. मतभेद असलेल्या माणसासमोर आधी नियम ठेवायचे आणि मग दोघांनी मिळून उत्तराची वाट पाहायची, ही रीत त्यांनी मागे ठेवली आहे.