वाटींतलें नाणें

स्वयंपाकघरांतील एक पितळी वाटी घ्या. तिच्या तळाशीं एक रुपया ठेवा आणि कांठाआड तो नेमका दिसेनासा होईपर्यंत मागें सरा. आतां घरांतील कोणाला तरी वाटींत हळूच पाणी ओतावयास सांगा. नाणें जागचें हललेलें नाहीं, आपणही हललां नाहीं. तरी तें पुनः दिसूं लागतें. पाण्यांतून हवेंत येतांना प्रकाशकिरण वांकतो, त्याचा हा खेळ. ह्या वांकण्याला शास्त्रांत वक्रीभवन म्हणतात.

हा खेळ फार जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथें राहणाऱ्या टॉलेमीनें प्रकाशावरील आपल्या ग्रंथांत तो वर्णिला आहे. आरशावर किरण ज्या कोनानें पडतो त्याच कोनानें परततो, हा परावर्तनाचा नियम तेव्हां ठाऊक होता. वक्रीभवनाचा नियम मात्र कोणाला सांपडला नव्हता. टॉलेमीनें अंश कोरलेली कांशाची तबकडी अर्धी पाण्यांत बुडविली आणि दर दहा अंशांनीं मोजमाप केलें. हवेंतील किरण लंबापासून १० अंश कललेला असतां पाण्यांतील किरण ८ अंश कलतो, असें त्यानें लिहिलें. पुढें २०, ३०, ४० असें ८० पर्यंत जातां त्याचे आंकडे आहेत १५½, २२½, २९, ३५, ४०½, ४५½ आणि ५०.

आतां ह्या आंकड्यांची ओळीनें वजाबाकी करून पाहा. ७½, ७, ६½, ६, ५½, ५, ४½! दर पायरीला बरोबर अर्धा अंश कमी. प्रत्यक्ष मोजमाप इतकें नीटनेटकें कधींच येत नाहीं. मधले आंकडे खऱ्याच्या अगदीं जवळ आहेत. पण शेवटीं ५० च्या जागीं सुमारें ४७½ हवे होते. टॉलेमीनें मोजलें खरें, परंतु नंतर आंकडे गणिताच्या सांच्यांत बसविले, असें अभ्यासकांचें मत आहे.

हें सांगतांना मला माझीच एक चूक आठवते. शिक्षक असतांना मीं एका वर्गाकडून कांचेची वडी व टांचण्या घेऊन वक्रीभवनाचा प्रयोग करविला. सर्वांचे आंकडे पुस्तकाशीं जुळले. एका मुलाचे तेवढे मागेंपुढें झाले. मीं तांबड्या शाईनें ‘पुनः करा’ असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशीं त्यानें अगदीं बिनचूक आंकडे आणले आणि मीं त्याला पूर्ण गुण दिले. प्रयोग त्यानें खरोखर पुनः केला कीं नाहीं, हें मीं विचारलें नाहीं. पुढें टॉलेमीचें कोष्टक वाचनांत आलें, तेव्हां त्या दिवशीं मीं त्याला काय शिकविलें तें मला कळलें.

खरा नियम कोनांत नव्हे, तर कोनांच्या ज्यांमध्यें आहे. हवेंतील कोनाची ज्या आणि पाण्यांतील कोनाची ज्या यांचें प्रमाण सदैव सुमारें चारास तीन असतें. आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें जिचें कोष्टक सूत्ररूपानें सांगितलें, तीच ही ज्या. टॉलेमीच्या स्वतःच्या ज्योतिषग्रंथांतही जीवांचें कोष्टक होतें, आणि दुप्पट कोनाची अर्धी जीवा म्हणजेच ज्या. किल्ली त्याच्याच घरांत होती!

हा नियम बगदादच्या इब्न सहल यानें सुमारें ९८४ मध्यें भूमितीनें मांडला होता, हें १९९० मध्यें जगापुढें आलें. इंग्लंडांत हॅरियट याला तो १६०२ च्या सुमारास व लायडन येथें स्नेल याला १६२१ च्या सुमारास गवसला. दोघांनींही छापला नाहीं. अखेर १६३७ मध्यें देकार्तनें तो प्रसिद्ध केला. टॉलेमीपासून तोंवर सुमारें पंधराशें वर्षें लोटलीं होतीं.

प्रकाशाचें वांकणें तर आपण रोज पाहतों. समुद्राच्या कडेवर टेकलेलें सूर्यबिंब दिसतें, तेव्हां तें वस्तुतः क्षितिजाखालीं गेलेलें असतें. हवेच्या थरांतून किरण तेथें सुमारें ३४ कला वांकतो, आणि बिंबाचा व्यास सुमारें ३२ कलांचाच आहे. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग.

तेव्हां घरच्या मुलांना वाटींतलें नाणें अवश्य दाखवा. त्यांनीं पुढें कोनही मोजले आणि आंकडे वेडेवांकडे आले, तर ते खोडूं नका. ते तसेच राहूं द्या, आणि असे कां आले हें मुलांसमवेत बसून शोधा.