अक्काबाईची दिशा

मृग लागला की फलटणची माणसं आदर्कीच्या घाटाकडे पाहू लागतात. सातारा त्याच अंगाला, आणि पाऊस यायचा तर तिकडूनच. महाबळेश्वरावर 6,000 मिलिमीटरच्या आसपास ओतून झाल्यावर ढगात जे उरतं, त्यावर फलटणनं भागवायचं, जेमतेम 500. नीरेचा उजवा कालवा नसता तर ऊस चित्रातच पाहावा लागला असता. या वाऱ्यांना आपण ‘नैऋत्य मोसमी’ म्हणतो. नैऋत्य म्हणजे निर्ऋतीची दिशा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 59वं सूक्त जिला पुन्हा पुन्हा ‘लांब जा’ म्हणून विनवतं, तिच्याच वाटेकडे हा तालुका दरवर्षी डोळे लावून बसतो.

सूर्य वेळेवर उगवतो, ऋतू पाळीनं येतात, ते ऋत. ते मोडतं तिथं निर्ऋती. यास्कानं निरुक्तात मात्र या शब्दाचे दोन अर्थ दिलेत: एक आपत्ती आणि दुसरा, चक्क, पृथ्वी.

बाबिलोनच्या लोकांनी असल्या देवतेचा निकाल लावून टाकला होता. खाऱ्या पाण्याची आदिमाता तियामत. तिला मर्दुकानं मारलं, देह उभा चिरला, एका फाकेचं आभाळ केलं. इजिप्तमध्ये अपेप नावाचा साप रोज रात्री सूर्याची होडी अडवायचा आणि रोज हरायचा. आपल्याकडेही इंद्रानं वृत्राला मारलंच. पण निर्ऋतीला कुणी मारलं नाही. तिचा वाटा बाजूला काढला.

तो कसा काढायचा हे शतपथ ब्राह्मणात आहे. अग्निचयनात तिच्या तीन विटा वेगळ्या करायच्या, तुसाच्या विस्तवावर भाजून काळ्या झालेल्या. नैऋत्येला जायचं, जमीन आपोआप फाटलेली किंवा खारी असेल अशी जागा शोधायची, विटा तिथं मांडायच्या आणि मागं न बघता परतायचं. कालव्याच्या पाण्यानं चोपण झालेलं रान ज्यानं पाहिलंय, त्याला ही जागा सांगावी लागणार नाही.

पुढं देवळांच्या दिक्पालांत हीच देवता पुरुष झाली. (आजचे वास्तुवाले नैऋत्येला कर्त्या पुरुषाची खोली सांगतात, तेव्हा मला हसू येतं.) बाईपण गेलं ते दुसऱ्या घरी. पुराणांत समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी एक जण वर आली, म्हणून ती ज्येष्ठा. तीच अलक्ष्मी. लिंगपुराणात तिचं लग्न दुःसह नावाच्या ऋषीशी लागतं. वेदघोष ऐकू आला की ही कान झाकून पळते, आणि बिचाऱ्याला प्रश्न पडतो, हिला ठेवायची कुठं? उत्तर मार्कंडेय देतो: जिथं नवराबायकोचं भांडण चालू असेल, तिथं खुशाल शिरा. मूर्तिकारांनी तिला कावळ्याचा ध्वज दिला, गाढव दिलं आणि हातात केरसुणी.

मराठीनं तिला अक्काबाई केलं. ‘घरात अक्काबाईचा फेरा आला’ म्हणताना आपण दारिद्र्यालाही थोरल्या बहिणीचा मान देतो. शिव्या देऊन हाकलण्यापेक्षा नातं लावून वाटेला लावणं आपल्या बायकांना जास्त जमतं, असं मला वाटतं. केरसुणीचं तर नवलच. दिवाळीत मध्यरात्री सूप बडवून अलक्ष्मी बाहेर काढायची, आणि त्याच संध्याकाळी शिंदीच्या पानांची नवी केरसुणी हळदकुंकू वाहून लक्ष्मी म्हणून पुजायची. थोरलीच्या हातातली वस्तू धाकटीच्या नावावर कधी चढली, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आणि मग भाद्रपद. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, भाजीभाकरी खातात, ज्येष्ठेवर पुरणपोळी, मुळावर निघतात. मूळ नक्षत्राची देवता कोण? निर्ऋती. याच नक्षत्रावर पोर झालं की घर धास्तावतं, शांत करतात, बापानं तोंड आधी तुपात पाहायचं म्हणतात. ‘मुळावर उठणे’ ऐकलं की मला त्यात हे नक्षत्रही ऐकू येतं. ज्येष्ठा नक्षत्रावर पुजतात म्हणून ज्येष्ठा गौरी, हे पंचांगाचं उत्तर चूक नाही. पण मुखवटे दोन असतात, आणि पुष्कळ घरांत त्यांना ज्येष्ठा आणि कनिष्ठाच म्हणतात. लक्ष्मी एकटी आली असती तरी चाललं असतं. थोरलीला वगळून धाकटीला बोलवायचं नाही, एवढी रीत कुणीतरी सांभाळली. तिला साडी नेसवली, जेवू घातलं, आणि तिच्याच नक्षत्रावर तिची पाठवणी ठरवली.

तिसऱ्या दिवशी फलटणात बाणगंगेला पाणी असलं तर तिथं, नाहीतर विहिरीवर किंवा कालव्यावर, गौरी पोचवतात. शतपथातल्या यजमानाला मागं बघायची बंदी होती. इथल्या बायका निघताना वाकतात, काठची मूठभर वाळू उचलतात आणि घरी आणून घरभर टाकतात. थोडी धान्याच्या कणगीतही.