अजिंठ्याच्या प्रतिकृती : कॅनव्हासपासून संगणकापर्यंत

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांना दोन इतिहास आहेत. पहिला, ती ज्यांनी रंगविली त्या अनाम चिताऱ्यांचा व त्यांच्या आश्रयदात्यांचा. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरा इतिहास त्या चित्रांच्या प्रतिकृतींचा. तो पावणेदोनशे-एकशेऐंशी वर्षांचाच असला, तरी 'अजिंठा' म्हणून आपण मनात जे बाळगतो ते बहुतांशी त्यानेच घडविले आहे. संगणकाच्या साहाय्याने अखंड लेणे उभे करता येईल आणि डोळ्यांवर यंत्र चढवून पाहणाऱ्याला त्यात घरबसल्या वावरता येईल, असे आश्वासन आज दिले जाते. या नव्या साधनांनी कलाव्यवहारात कोणता पालट होत आहे हे जाणावयाचे, तर आधीच्या साधनांनी काय दिले आणि काय हिरावले हे पाहणे अगत्याचे आहे.

1819 साली मद्रासच्या सैन्यातील जॉन स्मिथ हा अधिकारी या लेण्यांत पोहोचला आणि लेणी पुन्हा जगाच्या नजरेस आली. 1844 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल यांना चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले. त्यांनी कित्येक वर्षे खपून केलेली मोठमोठी तैलचित्रे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि 1866 च्या आगीत त्यांपैकी बहुतेक भस्मसात झाली. पण गिल यांचे दुसरे एक काम आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. 1864 साली जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह त्यांची शंभर स्टिरिओस्कोपी छायाचित्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. दोन डोळ्यांसाठी किंचित भिन्न अशी दोन चित्रे शेजारी ठेवावयाची आणि भिंगांतून पाहताना त्यांचा मेळ बसून खोलीचा भास व्हावा, हे त्या यंत्राचे तत्त्व. आजची आभासी वास्तवाची यंत्रे मुळाशी याच तत्त्वावर उभी आहेत. पाहणाऱ्याच्या मानेसरशी दृश्यही वळते, एवढी भर संगणकाने घातली. तेव्हा 'दृश्याच्या आत' शिरण्याची ओढ आजची नव्हे.

गिल यांच्या नकला जळाल्यावर मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह 1872 ते 1885 या काळात ते काम नव्याने केले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. यांतील काही नकलाही 1885 साली लंडनमध्ये आगीत सापडल्या. तथापि 1896-97 मध्ये ग्रिफिथ्स यांचे दोन खंड निघाले आणि अजिंठा जगभरच्या ग्रंथालयांत पोहोचला. या कामाची किंमत मात्र मूळ चित्रांनी मोजली. नकलेसाठी रंग उजळ दिसावेत म्हणून भिंतींवर वार्निश चढविण्यात आले होते, ते पुढे काळवंडले.

याहून सूक्ष्म हानी पाहण्याच्या रीतीत झाली. नक्कल करणारा कॅनव्हास चौकटीत बसतो. अजिंठ्याची भिंत बसत नाही. तेथे कथा भिंतभर पसरलेली असते. अनेकदा तिच्या घटना काळाच्या क्रमाने न मांडता स्थळाच्या अनुरोधाने मांडलेल्या असतात, आणि एकाच राजवाड्यात वेगवेगळ्या वेळचे प्रसंग दिसतात. चौकटीने या ओघातून एकेक आकृती कापून काढली. सोळाव्या लेण्यातील मान टाकलेली स्त्री 'मरणोन्मुख राजकन्या' म्हणून जगप्रसिद्ध झाली ती अशी. तिच्या कारुण्यावर रसिकांनी व टीकाकारांनी किती तरी लिहिले! पुढे अभ्यासकांनी ती आकृती भिंतीवरील कथेत पुन्हा बसविली, तेव्हा ती मरत नसून मूर्च्छित होत आहे असे दिसून आले. ती बुद्धाचा भाऊ नंद याची पत्नी सुंदरी. पती भिक्षू झाल्याची खूण म्हणून त्याचा मुकुट तिच्यापुढे आला आहे. अश्वघोषाने 'सौंदरनंद' काव्यात वर्णिलेली कथा ती हीच. नकलेची रेषा बिनचूक होती. तरीही चित्राचा अर्थ हरवला, कारण त्याचा शेजार हरवला होता.

असे असले तरी हाताने केलेल्या नकलेचे एक देणे यंत्राला देता आलेले नाही. 1909 ते 1911 या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस व असितकुमार हालदार अजिंठ्यात राहिले. तेथून त्यांनी नेल्या त्या केवळ नकला नव्हत्या. रेषेवर दीर्घकाळ डोळा ठेवल्याने हाताला लागलेले वळण त्यांनी नेले, आणि नंदलालांच्या द्वारे ते शांतिनिकेतनच्या कलाशिक्षणात उतरले. त्यानंतरचे युग छायाचित्रांचे. गुलाम याझदानी यांचे 1930 ते 1955 या काळात निघालेले ग्रंथ आणि 1991 मध्ये बिनॉय बहल यांनी अत्यल्प प्रकाशात घेतलेली रंगीत छायाचित्रे यांनी अचूकता वाढविली, चित्राला अपायही केला नाही. नकलाकाराला महिनोन्‌महिने भिंतीसमोर बसवून ठेवणारी गरज मात्र उरली नाही.

आता संगणकाची पाळी आली आहे. त्याचे सर्वांत मोठे श्रेय हे ठरू शकेल की, चौकटीने तोडलेले तो पुन्हा जोडू शकतो. सतरावे लेणे एकसंध मोजून उभे केले, तर विश्वंतराची कथा भिंतीच्या कडेने चालत, मागे वळत, वर पाहत वाचता येईल. मूळ चित्रे तशाच वाचनासाठी काढलेली आहेत. धोकाही येथेच आहे. गिलावा गळून पडला तेथे काय होते, हे संगणक अनुमानाने भरून काढू शकतो. महाराष्ट्रात तसे प्रयत्न झालेही आहेत. अनुमान अभ्यासपूर्ण असेल. पण ते मूळ रंगाइतकेच झळझळीत दिसले, तर पाहणाऱ्याने चितारी कोणता आणि पूरक कोणता हे ओळखावे कसे? शिवाय लेण्यात उजेड दारातून येतो आणि आत मावळत जातो. आभासी लेण्यात तो सर्वत्र सारखा असतो. अंधारातून आकृती हळूहळू उमलण्याचा अनुभव त्यात नाहीसा होतो.

म्हणून प्रतिकृती नकोच, असे म्हणणे अविचाराचे ठरेल. फ्रान्समधील लास्को गुहा प्रेक्षकांच्या श्वासोच्छ्वासाने व दिव्यांनी बिघडू लागली म्हणून 1963 साली बंद करावी लागली. आज लोक पाहतात ती तिची प्रतिकृतीच. जपानमधील होर्युजी मंदिराची भित्तिचित्रे 1949 मध्ये, त्यांच्या नकला चालू असतानाच, जळाली. 1935 साली काढलेली छायाचित्रे हाताशी होती म्हणूनच ती पुढे पुन्हा रंगविता आली. उलट अजिंठ्याच्या पायथ्याशी चार लेण्यांच्या प्रतिकृतींसह उभारलेले अभ्यागत केंद्र पुढे वीज-पाण्याच्या थकलेल्या देण्यांपायी बंद पडले. प्रतिकृतीलाही आयुष्य असते आणि तिलाही राखणदार लागतो. गिल यांचे कॅनव्हास जळाले तशा संगणकातील नोंदीही जपल्या नाहीत तर जातील.

यापुढे समीक्षकाचे कर्तव्य वाढणार आहे. पुस्तकाची पाठचिकित्सा करताना आपण प्रक्षिप्त भाग वेगळा दाखवितो. तीच शिस्त चित्राच्या प्रतिकृतीला लावली पाहिजे : कोठवर मूळ, कोठून अनुमान, कोणत्या प्रकाशात, कोणत्या वर्षीच्या भिंतीवरून, हे तिने पाहणाऱ्याला तेथल्या तेथे सांगावे. ही मागणी आपण आज केली नाही, तर एका राजकन्येचे मरण दुरुस्त करावयास अभ्यासकांना जे श्रम पडले, तेच उद्या अख्ख्या लेण्यासाठी करावे लागतील.