एक्झॉस्टचा सूर आणि उष्णतेचे गणित

मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या घरात पोहोचतो, तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या बॉनेटला हात लावणेही कठीण होते. याच जिल्ह्यातून ७०१ किलोमीटर लांबीचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा देणाऱ्या या रस्त्यामुळे वेगवान गाड्यांचे आकर्षण महानगरांपुरते उरले नाही. स्पोर्ट्‌स कार घेतलेल्या हौशी मालकाच्या मनात बहुधा पहिला बदल येतो तो एक्झॉस्टचा. गाडीचा आवाज भारदस्त व्हावा आणि इंजिनाभोवतीची उष्णता कमी व्हावी, अशी ही दुहेरी अपेक्षा असते. या दोन्ही गोष्टी साधता येतात. मात्र त्यामागचे शास्त्र आणि कायदा समजून न घेता केलेला बदल महागात पडतो.

यंत्रणेची रचना

पेट्रोलमधील ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या कामी न येता एक्झॉस्टवाटे बाहेर फेकला जातो. इंजिनावर ताण असताना सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान ७०० ते ९०० अंशांपर्यंत असते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनांत ते याहूनही वर जाते. हा वायू प्रथम मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतो. तेथून तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, रेझोनेटर आणि मफलर, म्हणजेच बोलीभाषेतील सायलेन्सर, या मार्गाने टेलपाइपपर्यंत पोहोचतो. प्रत्येक भागाचे काम वेगळे असल्याने एकाला हात लावला की त्याचा परिणाम इतरांवर होतो.

या यंत्रणेकडे केवळ धूर बाहेर टाकणारी नळी म्हणून पाहणे चुकीचे ठरते. वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांच्या घराण्याने उभारलेल्या बजाज ऑटोने २००० नंतरच्या दशकात आपल्या मोटारसायकलींत ‘एक्झॉसटेक’ नावाने इंजिनाजवळच्या नळीवर एक छोटी पोकळी बसविली. कमी फेऱ्यांवर इंजिनाची ओढ वाढविणे, हा तिचा हेतू होता. नळीतील दाबाच्या लाटा योग्य रीतीने हाताळल्या तर इंजिनाला मदत होते, हे तत्त्व शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलीला लागू पडते, तसेच स्पोर्ट्‌स कारलाही.

आवाज कसा घडतो?

चार-स्ट्रोक इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा वायू बाहेर टाकतो. त्यामुळे चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० स्पंदने निर्माण होतात. सहा सिलिंडरचे १५० आणि आठ सिलिंडरचे २००. गाडीचा मूळ सूर याच संख्येवर ठरतो. फेरारीच्या आठ सिलिंडरच्या इंजिनांचा तीक्ष्ण स्वर आणि अमेरिकन व्ही-८ ची गुरगुर यांतील फरकाचे मोठे कारण क्रँकशाफ्टची घडण आणि सिलिंडर पेटण्याचा क्रम हे आहे. केवळ सायलेन्सर बदलून एका इंजिनाला दुसऱ्याचा गळा देता येत नाही.

मफलरचे प्रमुख प्रकार दोन. पहिल्यात आतील कप्प्यांतून ध्वनिलहरी परतवून एकमेकींना छेद देण्यास भाग पाडले जाते. दुसऱ्यात छिद्रे असलेल्या सरळ नळीभोवती काचतंतूंचे आवरण असते आणि ते आवाज शोषून घेते. दुसऱ्या प्रकारात वायूला अडथळा कमी होतो, उंच पट्टीतला कर्कशपणाही घटतो. मात्र खालच्या पट्टीतील घुमणारा आवाज तसाच उरतो.

हा घुमणारा आवाज दूरच्या प्रवासात फार त्रासदायक ठरतो. समजा, ताशी १२० किलोमीटर वेगाला चार सिलिंडरची गाडी ३,००० फेऱ्यांवर धावते आहे. मग १०० हर्ट्‌झचा घुमारा तासन्‌तास कानांवर आदळत राहतो. त्यावर उपाय म्हणजे मुख्य नळीला जोडलेली, दुसरे टोक बंद असलेली बाजूची नळी. तिची लांबी लहरीच्या एक चतुर्थांश ठेवावी लागते. सुमारे ३०० अंश तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ४८० मीटरच्या आसपास असतो. म्हणून १०० हर्ट्‌झसाठी ही नळी सुमारे १.२ मीटर लांब हवी. चांगला कारागीर हे गणित आधी मांडतो आणि नंतर वेल्डिंगला हात घालतो.

नळी जितकी रुंद तितकी ताकद अधिक, हा समजही खरा नाही. गरजेपेक्षा रुंद नळीत वायूचा वेग मंदावतो आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची कमी फेऱ्यांवरील ओढ घटते.

उष्णतेचे व्यवस्थापन

नवा एक्झॉस्ट बसविला की उष्णता आपोआप कमी होते, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात उलटेही घडते. मूळ यंत्रणेवरील उष्णतारोधक पत्रे नव्या नळीवर बसत नाहीत म्हणून काढून टाकले जातात आणि पातळ पोलादाची उघडी नळी आसपासचे रबर, वायर व प्लॅस्टिक भाजू लागते.

तप्त पृष्ठभागातून बाहेर पडणारे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. नळीच्या पृष्ठभागाचे तापमान ६०० अंशांवरून ५०० अंशांवर आणले, तर हे प्रारण सुमारे ३८ टक्क्यांनी घटते. सिरॅमिक लेप, हवेची पोकळी ठेवून बसविलेले ॲल्युमिनियमचे पत्रे आणि नळीभोवती गुंडाळण्याची काचतंतूंची किंवा बेसाल्टची पट्टी, हे त्यासाठीचे रूढ मार्ग. यांपैकी पट्टी सर्वांत स्वस्त. परंतु ती पावसाळ्यात ओल धरून साध्या पोलादाला गंजविते, तसेच धातूचे तापमान वाढवून त्याला तडे जाण्याचा धोका निर्माण करते. सिरॅमिक लेप महाग असला तरी अधिक टिकाऊ ठरतो.

विदर्भातील उन्हाळ्यात या खर्चाला अर्थ आहे. २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांवरची हवा सुमारे सहा टक्क्यांनी विरळ असते. इंजिनकक्षात तापलेली ६५ अंशांची हवा इंजिनात ओढली गेली, तर घट बारा टक्क्यांपर्यंत जाते आणि ताकदही जवळपास त्याच प्रमाणात उतरते.

इंजिन आसनांच्या मागे असलेल्या गाड्यांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने २०१२ च्या ऑटो एक्स्पोत मांडलेली ‘अवंती’ याच घडणीची होती. जगातील नामवंत कंपन्याही येथे चुकल्या आहेत. २०१० साली फेरारीने ‘४५८ इटालिया’च्या १,२४८ गाड्या परत बोलावल्या, चाकाच्या कमानीतील उष्णतारोधक पत्र्याला लावलेला डिंक एक्झॉस्टच्या उष्णतेने पेट घेत होता. पुढे डिंकाऐवजी यांत्रिक जोड वापरण्यात आले. पोर्शने ‘९१८ स्पायडर’मध्ये तर टेलपाइप थेट इंजिनाच्या वर काढले. त्यामुळे नळीची लांबी घटली आणि गरम वायू बॅटरीपासून दूर राहिला.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक वाहनाला सायलेन्सर अनिवार्य आहे. प्रवासी मोटारींची ध्वनिमर्यादा एप्रिल २००५ पासून ७४ डेसिबल आहे. गाडी पूर्ण ॲक्सिलरेटरवर मायक्रोफोनपासून ७.५ मीटर अंतरावरून नेऊन ती मोजली जाते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक आहे. डेसिबलची मोजपट्टी फसवी असते: तीन डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट, तर दहाची वाढ म्हणजे दसपट.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील फेरफारांवर निर्बंध घालते. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अनधिकृत फेरफारासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ध्वनी व वायुप्रदूषणाची मानके मोडल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने परवान्यास अपात्रता, अशी तरतूद आहे. सायलेन्सरची पुंगळी काढणाऱ्या दुचाकीस्वारांवर होणारी कारवाई याच तरतुदींच्या आधारे होते. ‘एमएच-३२’ क्रमांकाच्या महागड्या मोटारीला वेगळा न्याय नाही.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे हा तर सर्वांत गंभीर बदल. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या गाड्यांत त्याच्या पुढे-मागे संवेदक असतात आणि बिघाड डॅशबोर्डवर लगेच दिसतो. मुद्दाम फटाक्यासारखे आवाज काढण्यासाठी इंधन एक्झॉस्टमध्ये जाळणारी प्रणाली बसविल्यास कन्व्हर्टरचा गाभा वितळू शकतो.

आवाजाचा प्रश्न केवळ दंडाचाही नाही. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय असो वा सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, रुग्णाला विश्रांती हवी असते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे.

शहाणपणाचा मार्ग

गाडी घेतानाच उत्पादकाचा मान्यताप्राप्त स्पोर्ट्‌स एक्झॉस्ट निवडणे, हा सर्वांत सुरक्षित पर्याय. त्यातील झडपा शहरात बंद राहून आवाज आवरतात आणि ताण वाढला की उघडतात. इतर कोणताही भाग बसविण्यापूर्वी त्याची मान्यता, विमा कंपनीची भूमिका आणि वॉरंटीच्या अटी लेखी तपासणे आवश्यक आहे. केवळ उष्णता कमी करायची असेल, तर सायलेन्सरला हात न लावता मूळ पत्रे शाबूत ठेवणे, सैल वा गंजलेले जोड बदलणे आणि मॅनिफोल्डला सिरॅमिक लेप देणे पुरेसे ठरते.

लांब पल्ल्यानंतर टर्बो इंजिन एखादा मिनिट संथ चालू ठेवून मगच बंद करावे. तापलेली गाडी वाळलेल्या गवतावर किंवा शेताच्या बांधालगत पऱ्हाट्यांच्या ढिगावर उभी करू नये. कन्व्हर्टरच्या उष्णतेने आग लागण्यास तेवढे निमित्त पुरते.