बर्फाच्या बादलीचे आव्हान आणि लोकवर्गणी

सन २०१४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत बर्फगार पाणी अंगावर ओतून घेण्याची जी लाट समाजमाध्यमांतून उसळली, तिचा उगम कोणत्याही संस्थेच्या कचेरीत झालेला नव्हता. मुळात हा निव्वळ खेळ. बॉस्टनचा माजी बेसबॉलपटू पीट फ्रेट्स याच्या मित्रवर्तुळाने तो ए.एल.एस. या असाध्य मज्जाविकाराच्या नावाने सर्वतोमुखी केला. स्नान करणाऱ्याने परिचितांना नावानिशी पाचारण करावे व त्यांनी चोवीस तासांत स्नान अथवा दान करावे, असा दंडक होता. (स्नान हा दानाचा पर्याय असावा, हे मौजेचेच.) यशाचे मर्म या नामनिर्देशात आहे: चारचौघांदेखत आलेली हाक टाळवत नाही. ए.एल.एस. असोसिएशनकडे सुमारे ११.५ कोटी डॉलर जमले. त्यांतील मोठा वाटा संशोधनास मिळाला. तथापि २०१५ मध्ये तेच आव्हान पुन्हा दिले असता तो ओघ आला नाही.