खोडदच्या तबकड्या आणि एक दुर्लक्षिलेला इशारा

नारायणगावाहून खोडदकडे जाताना मळ्यांपलीकडे ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात. परिसरात अशा ३० आहेत. आमच्या जुन्नर तालुक्याचे हे नवे लेणे! त्यांनी टिपलेले रेडिओ-संकेत जुळविण्यासाठी ४८ संगणकांचा, लिनक्सवर चालणारा समूह उभारल्याची हकिकत २०१० साली प्रसिद्ध झाली. ती वाचताना मला शेजारच्या आंबेगाव तालुक्यात झालेली माझी फजिती आठवली.

तेथल्या एका दूध संकलन केंद्राला मी हिशेबाचा प्रोग्राम लिहून दिला होता. माझा मजकूर यंत्राच्या भाषेत उतरविणाऱ्या कंपायलरने बजावले होते, की एका चलाला किंमत न देताच तुम्ही ते वापरीत आहात. माझ्या घरच्या यंत्रावर त्या जागी शून्य असे, म्हणून मी काणाडोळा केला. केंद्रातल्या यंत्रावर तेथे भलताच आकडा निघाला. एक म्हातारे शेतकरी पावती पुढे धरून म्हणाले, "मास्तर, बारा लिटर घातलं अन् पैसं चार लिटरचं? रात्रीतून म्हैस आटली काय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, याचीच मला अधिक लाज वाटली.

हे दुखणे माझ्या एकट्याचे नव्हे. १९७८ साली बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेतील संशयास्पद जागा हुडकणारा 'लिंट' लिहिला. कापडाला चिकटणाऱ्या तंतूंवरून हे नाव. पुढे १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने लिनक्स आरंभिले. त्याच्या गाभ्यात आता जगभरचे हजारो लोक भर घालतात. ज्याचे त्याचे यंत्र निराळे. जो तो म्हणणार, 'माझ्याकडे तर चालते!'

म्हणून इंटेल कंपनीने एक राखणदार बसविला. तो माणूस नव्हे, प्रोग्रामच. नवा मजकूर आला की नाना प्रोसेसरांसाठी, नाना जुळण्यांनी तो बांधून पाहतो. नवा इशारा निघाला, तर नेमक्या त्या बदलापर्यंत माग काढून लेखकाला पत्र धाडतो. नाणेघाटातल्या दगडी रांजणापाशी जकात दिल्यावाचून पुढे जाता येत नसे म्हणतात. हा नाकेदार मात्र वाट अडवीत नाही, नुसता हटकतो.

२०२१ च्या सप्टेंबरात टोरवाल्ड्स यांनीच ठरविले, की इशारा म्हणजे चूक. बांधणी तेथेच थांबावी. इतका आरडाओरडा झाला, की थोड्याच दिवसांत तो नियम मुख्यतः चाचणीच्या बांधणीपुरता ठेवावा लागला. मला त्यांचा पहिला हट्टच पटतो.

माझी दुरुस्ती एका ओळीची होती: चलाला आरंभी शून्य द्यायचे. पावत्या मात्र तीन आठवड्यांच्या तपासाव्या लागल्या. फरकाचे पैसे हाती आल्यावर त्या म्हाताऱ्यांनी ते दोनदा मोजले. मग चष्मा पुसून पुन्हा एकदा.