परदेशातून एमबीबीएस झाल्यावर एमडीची जागा: परवान्यापासून पसंतीच्या यादीपर्यंत

मुलगा किंवा मुलगी किर्गिझस्तान, रशिया, कझाकस्तान नाहीतर बांगलादेशातून डॉक्टरकी करून घरी आली की मोहल्ल्यात मिठाई वाटली जाते. वाटावीच, सहा वर्षांची मेहनत असते. पण भारतात परवाना, मग इंटर्नशिप आणि मग एमडी-एमएसची जागा, एवढी वाट अजून शिल्लक असते. शेवटच्या टप्प्याला आपल्याकडे पीजी म्हणतात, अमेरिकेत रेसिडेन्सी.

सिरोंच्यात हा विषय फक्त डॉक्टर झालेल्या चार घरांचा नाही. गडचिरोली इथून दोनशे किलोमीटरच्या आसपास पडते. बाळंतपण अडलं किंवा मोठं हाड मोडलं की लोक नदीवरचा पूल ओलांडून तेलंगणात मंचेरियल किंवा वारंगळ गाठतात. भूल देणारा, बाळंतपण करणारा, लहान मुलांचा असा तज्ज्ञ पीजीतूनच तयार होतो. पालक मला जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथे एका ठिकाणी देतो.

परवाना आणि इंटर्नशिप

परदेशी पदवीवर भारतात थेट प्रॅक्टिस करता येत नाही. त्यासाठी एफएमजीई ही परीक्षा २००२ पासून आहे. एकूण ३०० प्रश्न, दीडशे-दीडशेचे दोन भाग, पास व्हायला १५० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. वर्षातून दोनदा होते. ऐकायला सोपी वाटते, पण अलीकडच्या बऱ्याच सत्रांत चार-पाच जणांमागे एकच पास झाला आहे. तिकडे शेवटच्या वर्षात असतानाच तयारी सुरू करावी. घरी येऊन, पाहुणे-दावती आटोपून मग पुस्तक उघडणाऱ्यांचे दोन-तीन प्रयत्न सहज जातात.

१८ नोव्हेंबर २०२१ नंतर प्रवेश घेतलेल्यांना राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे नवे नियम लागतात. कोर्स किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा. त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप झालेली हवी. त्या देशात तिथल्या नागरिकासारखा प्रॅक्टिसचा हक्क मिळालेला हवा आणि सगळं १० वर्षांच्या आत पूर्ण हवं. मधेच कॉलेज बदललं तर अडचण येते. भारतात परत आल्यावर आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप करावीच लागते. तिकडे केली म्हणून इथली माफ होत नाही. एजंट लोक नेमकं हेच सांगत नाहीत.

ही इंटर्नशिप मिळणं सोपं नाही. कॉलेजच्या मंजूर जागांच्या जास्तीत जास्त साडेसात टक्के इतक्याच जादा जागा परदेशी पदवीधरांना देता येतात, त्यामुळे थांबावं लागतं. मात्र आयोगाने ४ मार्च २०२२ च्या पत्रकात दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. इंटर्नशिपसाठी पैसे घ्यायचे नाहीत आणि स्टायपेंड भारतीय इंटर्नएवढाच द्यायचा. कुणी 'व्यवस्था करतो' म्हणून लाखभर मागितले तर हे पत्रक समोर ठेवा.

नीट पीजी: कोणती दारं उघडी

एफएमजीई पास आणि ठरलेल्या तारखेपर्यंत इंटर्नशिप पूर्ण, एवढं झालं की नीट पीजी देता येते. २०० प्रश्न, ८०० गुण. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकीला एक जातो. दोन लाखांच्या वर मुलं बसतात. इथे भारतात शिकलेला आणि बाहेर शिकलेला एकाच रांगेत असतो, गुणांत भेदभाव नाही.

फरक पडतो तो जागांत. सरकारी कॉलेजांच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. त्या आणि अभिमत विद्यापीठांच्या जागा एमसीसी भरते. डीएनबीच्या जागाही ह्याच परीक्षेवर मिळतात. उरलेल्या निम्म्या सरकारी जागा राज्याच्या सीईटी सेलकडे असतात. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पीजीत रहिवासावरचं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं, पण त्याच संस्थेत एमबीबीएस केलेल्यांना मर्यादेत प्राधान्य देण्याला मुभा ठेवली. बाहेर शिकलेल्या मुलाला असं प्राधान्य कुठेच नसतं. म्हणून अखिल भारतीय कोटा आणि डीएनबी ही त्याची मुख्य दारं धरावीत, आणि राज्याच्या माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं कलम दरवर्षी नव्याने वाचावं. मागच्या वर्षी चुलत भावाला काय लागलं त्यावर भिस्त ठेवू नये.

डीएनबीला आपल्या घरांत उगाच दुय्यम समजतात. ती मान्यताप्राप्त तज्ज्ञ पदवी आहे. २०२० पासून त्याच मंडळाचा दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे. भूलशास्त्र, स्त्रीरोग, बालरोग, नेत्र, कान-नाक-घसा, क्षयरोग व छाती, रेडिओ आणि फॅमिली मेडिसिन ह्या शाखांत तो सुरू झाला.

दाखले: आपली मुलं इथे जागा घालवतात

जुलै २०२१ च्या निर्णयाने अखिल भारतीय कोट्यात ओबीसींना २७ टक्के आणि आर्थिक दुर्बलांना १० टक्के आरक्षण मिळालं. मोमीन, बागवान, अत्तार, पिंजारी-मन्सुरी अशा अनेक मुस्लिम बिरादरी ओबीसीत आहेत. पण राज्याच्या यादीत नाव असणं पुरत नाही. एमसीसीला केंद्राच्या यादीतली नोंद आणि केंद्राच्या नमुन्यातलं नॉन क्रिमीलेअर लागतं. नाव दोन्ही याद्यांत आहे का हे आज बघून ठेवा.

केंद्राच्या नियमात आठ लाखांची मर्यादा मोजताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. पालकांचं पद कोणत्या वर्गाचं आहे ते वेगळं बघतात. 'आम्ही दोघं नोकरीवाले, आम्हाला काय मिळणार' म्हणून अर्जच न करणारे शिक्षक मी पाहिलेत. ज्यांची बिरादरी कोणत्याच आरक्षणात नाही त्यांनी आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढावा. तिथे मात्र सगळं उत्पन्न मोजतात, आणि दाखला त्या-त्या आर्थिक वर्षापुरता असतो.

राज्याच्या जागांसाठी जात वैधता लागते, आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. सिरोंच्यात इथे खास अडचण येते. काही घरांचे आजोबा-पणजोबा नदीपलीकडून, निजामाच्या मुलखातून आलेले, त्यांचे कागद उर्दूत किंवा तेलुगूत. ते टाकून देऊ नका. प्रमाणित भाषांतर करून लावता येतात. दादाजानच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा मुलगा बारावीत असतानाच मिळवावा, कारण पडताळणीला वेळ लागतो आणि कौन्सेलिंग कुणासाठी थांबत नाही.

पसंतीची यादी

निकालानंतर एमसीसीच्या संकेतस्थळावर कॉलेज आणि शाखा मिळून पसंतीची यादी भरायची असते. इथे घरात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मामू म्हणतात रेडिओच टाक, अब्बांना नागपूरच हवं, मुलीला स्त्रीरोग.

यंत्रणा कशी चालते ते आधी समजून घ्या. संगणक रँकप्रमाणे एकेका उमेदवाराकडे येतो. त्याची पहिली पसंती रिकामी आहे का बघतो. असेल तर देतो, नसेल तर दुसरी, मग तिसरी. समजा एका मुलीला नागपूरचं स्त्रीरोग हवं आहे, पण मिळणार नाही अशी भीती वाटून तिने चंद्रपूरचं भूलशास्त्र वर टाकलं. तिच्या नंबरापर्यंत नागपूरची जागा रिकामी राहिली तरी तिला चंद्रपूरच मिळेल. उलट नागपूर वर आणि चंद्रपूर खाली ठेवलं असतं तर काहीच गेलं नसतं. वरची अवघड पसंती खालच्या सोप्या पसंतीला धक्का लावत नाही. म्हणून क्रम मनातल्या खऱ्या आवडीचाच हवा. मागच्या वर्षीचे कटऑफ यादी किती लांब ठेवायची ते ठरवायला वापरा, क्रम लावायला नको.

दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. जिथे जायचंच नाही ते यादीत टाकू नका. पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर नुकसान नाही. दुसऱ्या फेरीतली सोडली तर अनामत जप्त होते. तिसऱ्या फेरीपासून मिळालेली जागा जवळपास गळ्यातच पडते. अलीकडच्या वर्षांत सरकारी जागांसाठी अनामत खुल्या गटाला २५ हजार आणि राखीव गटांना १० हजार आहे, अभिमत विद्यापीठांसाठी २ लाख. अभिमतची फी झेपणार नसेल तर तिथे नोंदणीच का करायची? शिवाय महाराष्ट्रातल्या सरकारी पीजीनंतर एक वर्षाची सेवा असते, ती न केल्यास बंधपत्राचे ५० लाख.

शाखेबद्दल माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. रेडिओ आणि त्वचारोगाच्या मागे सगळा देश धावतो. भूलशास्त्र, बालरोग, स्त्रीरोग ह्या जागा तुलनेने मागच्या रँकला मिळतात, आणि गडचिरोलीत ह्याच डॉक्टरांची वाट बघतात. तीन वर्षं घरी बसून रेडिओ मागणाऱ्यापेक्षा दुसऱ्या प्रयत्नात भूलशास्त्र घेणारा मला शहाणा वाटतो.

अमेरिकेची मॅच

तिकडे १९५२ पासून मॅच नावाची पद्धत आहे. आधी यूएसएमएलईच्या पहिल्या दोन पायऱ्या आणि इंग्रजी संवादाची परीक्षा देऊन ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र घ्यायचं. आपलं कॉलेज त्याला पात्र आहे का हे वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्समध्ये आधीच दिसतं. मग अर्ज, मुलाखती, आणि त्यानंतर उमेदवार हॉस्पिटलांची यादी लावतो, हॉस्पिटलं उमेदवारांची. संगणक दोन्ही जुळवतो. गणित उमेदवाराच्या बाजूने चालतं, म्हणून तिथेही खऱ्या आवडीचाच क्रम लावायचा. ह्या प्रकारच्या जुळणीच्या अभ्यासाला २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

फरक असा की तिकडे रांग फक्त गुणांची नाही. २०२२ पासून पहिल्या पायरीत गुण न देता फक्त पास-नापास कळतं, त्यामुळे दुसऱ्या पायरीचे गुण, अमेरिकेतल्या दवाखान्यातला अनुभव, तिथल्या डॉक्टरांची शिफारसपत्रं आणि पदवीला किती वर्षं झाली हे सगळं बघतात. अलीकडे अमेरिकेबाहेरच्या नागरिकांपैकी सुमारे ५८ टक्क्यांना जागा मिळाली, तिथल्या एमडी विद्यार्थ्यांपैकी ९३ टक्क्यांच्या आसपास. बाहेरच्यांना जास्त जागा इंटर्नल मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, बालरोग ह्यांत मिळतात. प्रत्येक परीक्षेला हजार डॉलरच्या आसपास, वर प्रवास आणि अर्ज. जे-१ व्हिसावर शिक्षण झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते. एच-१बीवर सप्टेंबर २०२५ मध्ये एक लाख डॉलरचं नवं शुल्क जाहीर झालं. आधीच कर्जात असलेल्या घराने दोन्ही परीक्षांची तयारी एकदम सुरू करू नये. आधी भारतातला परवाना हातात घ्यावा.

मधलं वर्ष

पहिल्या प्रयत्नात जागा मिळाली नाही तर परवानाधारक डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी वैद्यकीय अधिकारी होऊ शकतो. अंकिसा, झिंगानूर भागात काम केलं की साप चावलेला, मलेरिया, अडलेली बाई हे पुस्तकातलं राहत नाही, आणि घरखर्चाला हातभार लागतो. नियमित शासकीय सेवेतल्या डॉक्टरांसाठी पीजीत वेगळ्या जागा ठेवायला ३१ ऑगस्ट २०२० च्या घटनापीठाच्या निकालाने राज्यांना मुभा दिली आहे. कंत्राटी नेमणूक त्यात धरतात का, हे रुजू होण्यापूर्वी लेखी विचारा. सेवेचा दाखला काम संपलं त्याच आठवड्यात घ्या, नंतर मागायला गडचिरोलीची एक फेरी वाढते.